बारा व्होल्टची काटकसर

बंद पडलेली मोटार सुरू करायला शास्त्राप्रमाणे दोन माणसं पुरतात. बडोद्यातल्या कुठल्याही सोसायटीत ती कमीत कमी नऊ असतात. दोघं केबलची टोकं धरतात, एक जण दांडा लावलेला असूनही बॉनेट हातानं पेलून उभा राहतो, एक जण आत बसून दर दहा सेकंदांनी "आता मारू?" असं विचारतो, आणि उरलेले पाच जण अनुभवी असतात. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, मग ‘कट्-कट्-कट्-कट्’ असा आवाज येतो, आणि त्या आवाजानं बाल्कन्यांची दारं ज्या वेगानं उघडतात त्या वेगानं ती चोर आल्यावरही उघडत नाहीत. वॉचमनचं निदान तयार असतं: "बॅटरी उतरी गई, साहेब." मालकाचं उत्तरही तयार असतं: "शक्यच नाही! महिनाभर गाडीला हात लावलेला नाही." आरोपीनं बचावासाठी दिलेला जबाब हाच त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरावा, असं फौजदारी कोर्टात क्वचित घडतं, पार्किंगमध्ये रोज घडतं.

माझा मुद्दा साधा आहे. मोटारीची बॅटरी वापरानं झिजते त्याहून लवकर काटकसरीनं मरते. आणि ती मेल्यावर तिला उठवताना, मग तिच्या जागी नवी आणताना, आपण पुन्हा तीच काटकसर करतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांत तेच नऊ जण त्याच बॉनेटभोवती जमतात. काटकसर ही गोष्ट आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना कुणी शिकवायला नको. पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग आम्ही इकडे आलो त्याला तीनशे वर्षं झाली. वस्तू जपायची सवय येताना घेऊन आलो आणि जपलेल्या वस्तूचा हिशेब मांडायची सवय शेजाऱ्यांकडून उचलली. दांडिया बाजारातल्या वाड्यातून वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा पितळेचे डबे, कधीच न काढलेला लग्नातला डिनर सेट आणि शोकेसची किल्ली एवढं सगळं बरोबर गेलं. पुढे मोटार आली तीही याच शिस्तीत वाढली. सीटवरचं प्लास्टिक पहिली दोन वर्षं निघत नाही. गाडीवर कव्हर, कव्हरवर कबुतरांसाठी जुनी चादर. भाजीला स्कूटर, ऑफिसला स्कूटर, स्टेशनला रिक्षा. मोटार फक्त लग्नकार्याला, पावागडला आणि ‘अडीअडचणीला’. अडीअडचण खरोखर येते त्या रात्री मोटार ‘कट्-कट्’ करते आणि रिक्षाच शोधावी लागते.

यात चमत्कार काही नाही, शाळेतला गुणाकार आहे. कुलूप लावून ठेवलेली मोटार झोपलेली नसते. तिचं घड्याळ चालू असतं, चोरघंटा जागी असते, रिमोटच्या हाकेची वाट बघणारा एक रिसीव्हर रात्रंदिवस कान देऊन बसलेला असतो, आणि शेजाऱ्यानं बसवला म्हणून आपणही बसवून घेतलेला कॅमेरा तर स्वतःचा वेगळाच संसार चालवत असतो. कॅमेरा सोडून द्या, बाकीच्यांचं मिळून तीस मिलिअँपिअर धरा. धडधाकट गाडीतही एवढं जातं. चोवीस तासांनी गुणलं की दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास आणि महिन्याला बावीस. लहान मोटारीची बॅटरी असते पस्तीसची. म्हणजे महिनाभर ‘काहीही न वापरता’ जपलेल्या पुंजीतला जवळजवळ दोन तृतीयांश भाग निघून गेला, आणि बॅटरीची आपोआप होणारी गळती यात अजून धरलेलीच नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते चार्जिंगनं विरघळतात. आठवड्यांमागून आठवडे गेले की टणक होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. पूर्ण भरलेली ‘बारा व्होल्टची’ बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी झाली की १२.२, आणि ११.९ला ती संपल्यात जमा असते. सगळी श्रीमंती आणि सगळी गरिबी यांच्यात पाऊण व्होल्टचंच अंतर. ते मोजायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो, पण मल्टिमीटर घ्यायचा म्हणजे खर्च, तेव्हा आपण हॉर्न वाजवून बघतो. "हॉर्न तर खणखणीत आहे, बॅटरीला काय झालंय?" हॉर्नला लागतात चार-पाच अँपिअर, स्टार्टरला शंभर-दीडशे आणि वर. भाजीवाल्यानं पाचशेची मोड दिली म्हणून त्याच्याकडे फ्लॅटचं कर्ज मागण्यातला हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप सोसायटीतल्या सर्वात शिस्तप्रिय काकांचा असतो. "आम्ही दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो. न चुकता." या विधीबद्दल मला पूर्ण आदर आहे, बॅटरीला तो नाही. आठवडाभरात पाचेक अँपिअर-अवर गेलेले असतात. गाडी सुरू करताना स्टार्टर आणखी थोडं खातो. मग जागच्या जागी मंद फिरणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर त्या पाच मिनिटांत फार तर एक-दीड परत देतो, आणि तेही काकांनी ‘चालतोय ना बघू’ म्हणून एसी आणि ‘गंज चढायला नको’ म्हणून वायपर लावले नसतील तर. म्हणजे दर रविवारी पगारापेक्षा खर्च जास्त, आणि खातं चालू ठेवल्याचं समाधान वेगळं. बॅटरीला हवा असतो रस्ता. अर्धा-पाऊण तास, इंजिन जरा वेगात, अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देतोय अशी फेरी. गोल्डन चौकडीपर्यंत हायवेनं जाऊन परत आलं तरी चालतं. "उगाच पेट्रोल जाळायचं?" हा त्यावरचा उपप्रश्न. लहान मोटारीची बॅटरी चार-पाच हजारांना पडते. तेवढ्यात किती रविवार गोल्डन चौकडीला जाता येईल आणि वाटेत किती ठिकाणी सेव उसळ खाता येईल, हा हिशेब काकांनीच करावा; ते आमच्यापेक्षा पक्के आहेत.

बडोद्याच्या वर्षात बॅटरी मारायचे मुहूर्त ठरलेले आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीत अर्धी मराठी सोसायटी रेल्वेनं पुण्या-नाशकाला जाते. निघताना गॅस बंद, नळ बंद, टीव्हीचा प्लग काढलेला, तुळशीला पाण्याची बाटली उलटी लावलेली. मोटारीला कव्हर. दहाचा पाना घेऊन बॅटरीची मायनसची वायर सोडवली तर गळती जवळपास थांबते, दोन मिनिटांचं काम आहे. पण घड्याळाची वेळ पुन्हा लावावी लागेल या भीतीनं ते कुणी करत नाही. दुसरा मुहूर्त नवरात्राचा. गरब्याच्या मैदानाबाहेर नऊ रात्री शेकडो मोटारी उभ्या असतात आणि कित्येकींत मुलींची वाट बघणारे वडील बसलेले असतात. इंजिन बंद, म्हणजे खर्च बंद, अशी त्यांची समजूत. पंखा चालू, आतला दिवा चालू, गाणी चालू, फोन चार्जिंगला आणि पार्किंगमध्ये आपली गाडी ओळखू यावी म्हणून चारही इंडिकेटर लुकलुकते. पासचे पैसे वाचवून बाहेर बसलेला हा गृहस्थ मध्यरात्री गरबा संपला की किल्ली फिरवतो, आणि मग चनियाचोळी घातलेल्या चार मुली आणि केडियू घातलेले दोन अनोळखी तरुण मोटार ढकलताना दिसतात. मग येतो दसरा. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. वर्षातून एकदा मोटारीची एवढ्या भक्तिभावानं पूजा होते, पण त्या दिवशीही कुणी बॉनेट उघडून बघत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार असतो, कारण तो स्वानुभवाचा असतो. "आमच्या आधीच्या गाडीची बॅटरी सात वर्षं गेली. आत्ताच्या कंपन्याच चोर." गेली असेल. त्या गाडीत रेडिओ आणि पंखा सोडला तर वीज खाणारं काही नव्हतं, आणि ती रोज पळत होती, कारण तेव्हा घरात एकच गाडी होती. शिवाय ज्यांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत गेल्या ते लोक ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगत नाहीत. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं हे साधारण आयुष्य, आणि त्याचं कारण कंपन्यांच्या चारित्र्यापेक्षा आपल्या उन्हाळ्यात जास्त आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज साधारण दुप्पट वेगानं होते. बडोद्याचा मे महिना चाळिशी ओलांडून बसलेला असतो, बॉनेटखालचा त्याहून वरचा. पाणी उडतं, पट्ट्यांची जाळी कुरतडली जाते. बॅटरी मे महिन्यातच अंथरूण धरते. जाहीर होतं डिसेंबरातल्या एखाद्या गार पहाटे, विमानतळावर जायचं असतं तेव्हा, आणि मग आपण थंडीला दोष देतो.

"धक्का मारा, होईल सुरू." हा तिसरा आक्षेप, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. या जातीच्या बॅटरीची घडण १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी केली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, मूळ रसायन आजही तेच. पण मोटारीनं स्वतःच्या बॅटरीनं स्वतः सुरू व्हायची सोय चार्ल्स केटरिंग यांच्या स्टार्टरनं १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आणली. त्याआधी पुढे वाकून हँडल मारायचं, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडून घ्यायचं. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा त्या चकचकीत नाकांखाली हँडलची भोकं बघत बडोदेकर हळहळत होते: "काय सोय होती!" आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनीलाही हँडल होतं, त्यामुळे ही हळहळ ज्यांनी ते मारलं नाही त्यांच्यातच जास्त आढळते. आता राहिला धक्का. गिअरची गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, वेग आल्यावर क्लच सोडून ती सुरू होतेही. पण इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखे जड असतात, आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर लगेच मुख्य रस्ता असतो. ऑटोमॅटिक गाडी तर अशी सुरू होतच नाही. ती सगळ्या पुरुषमंडळींनी कमाटी बागेपर्यंत ढकलत नेली तरी नाही. त्यात बडोदं सपाट. उतारावर गाडी लावून निजण्याचं सुख पुणेकरांचं. आपल्याला उतार हवा तर आधी फ्लायओव्हरच्या माथ्यापर्यंत ढकलावं लागेल.

कुणालाही हाक मारायच्या आधी एकदा बॅटरीकडे जवळून बघावं. टर्मिनलवर, शिशाच्या त्या बोटभर ठोकळ्याभोवती, पांढरट-हिरवट भुकटीचा थर चढलेला असतो. खाली क्लॅम्प आहे की नाही हेही कळत नाही. क्लॅम्प हातानं हलवून बघितला तर पुष्कळदा तो चक्क गोल फिरतो. बॅटरी ठणठणीत असते, वीज फक्त त्या भुकटीपलीकडे पोहोचत नसते. मायनसची वायर आधी सोडवायची, प्लसची नंतर. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणग्यांची आतषबाजी होत नाही. मग पाण्यात कालवलेला खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. गुजरातेत हा सोडा मिळणार नाही असं स्वयंपाकघर शोधून सापडणार नाही, तरी आपण बॅटरीवाल्याला फोन करतो आणि तो येऊन शेजारच्या वहिनींकडून सोडा मागून घेतो. पुसून, कोरडं करून, घट्ट आवळून वर थोडी व्हॅसलीन. लावताना प्लस आधी, मायनस शेवटी.

एवढ्यानं भागलं नाही तर जम्पर केबल, आणि इथे काटकसर थेट जिवावर उठते. पहिली काटकसर केबलमध्येच. फुटपाथवर मिळणारी केबल बाहेरून अंगठ्याएवढी जाड असते आणि आत तारेचे चार केस. शंभर अँपिअर म्हटल्यावर ती गाडी सुरू करत नाही, स्वतः वितळते. दुसरी काटकसर विचारात. शास्त्राचा क्रम असा: दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या, दोघींची बॅटरी बाराच व्होल्टची (मदतीला थांबलेल्या ट्रकची चोवीसची असते, त्याचे फक्त आभार मानावेत). लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. या शेवटच्या टोकावरून सोसायटीत नेहमी वाद होतो. "मायनसला मायनस लावायचं सोडून लोखंडाला काय लावताय?" कारण शेवटचा जोड लागताना ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो; हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, एवढाच त्या लोखंडाचा उद्देश. पण क्रम शास्त्रावर ठरत नाही, वयावर ठरतो. निवृत्त काका म्हणतात आधी काळा, बँकेतले दादा म्हणतात कसाही लावा, आणि मदतीला आलेला रिक्षावाला दोन्ही चिमटे एकमेकांवर घासून निळी ठिणगी उडवतो आणि समाधानानं सांगतो, "जुओ, करंट छे!" करंट आहे हे मान्य. भुवया उरल्या आहेत का, हे नंतर बघायचं. बोटातल्या पुष्कराजाच्या अंगठीबद्दलही एक शब्द: ग्रहांचं ती काय करते ते ज्योतिषी सांगतील, प्लस आणि बॉडीच्या मध्ये ती आली तर बोटाचं काय होतं ते डॉक्टर सांगतील. आणि चिमटे उलटे लागले तर फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध, तिन्ही एकदम जातात.

मग मदतीची गाडी चालू करून चार-पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणं आपल्या स्वभावात नाही. "मारा सेल्फ!" "नाही झाली?" "परत मारा!" दहा-दहा सेकंद सेल्फ मारून, मध्ये श्वास न घेता, आपण उसनी आणलेली वीजही उधळतो आणि स्टार्टर तापवतो. गाडी सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमानं काढायचे, आणि इंजिन बंद न करता निदान अर्धा तास चालवायचं. प्रत्यक्षात सगळे टाळ्या वाजवतात, मालक गाडी पुन्हा जागेवर नीट लावतो, बंद करतो आणि चहा प्यायला वर जातो. बॅटरी फुगलेली असेल, फुटून पाझरत असेल, तर तिला मुळीच जम्पर देऊ नये. ती टाकून द्यायची वेळ आहे, आणि तिच्यावर वाकून बघायचीही नाही.

पुराचा एक वेगळा परिच्छेद द्यावा लागतो, कारण आपलं गाव बडोदं आहे. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीनं पंचवीस फुटांची धोक्याची रेघ मागे टाकली आणि अकोटा, समा, फतेहगंज इथल्या पार्किंगमध्ये पाणी मोटारींच्या खिडक्यांपर्यंत गेलं. नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या. अकोट्यात एक घराच्या छपरावर जाऊन बसली, आणि तिला मात्र कुणी डिवचलं नाही. मोटारीला डिवचलं. पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट काय, तर "एकदा सेल्फ मारून बघू, झाली तर झाली." इंजिनात पाणी शिरलेलं असतं, आणि पाणी दाबलं जात नाही; पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर विमा कंपनी विचारते की हे नुकसान पुरानं झालं की तुम्ही, आणि इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर उत्तर तिलाच आवडेल असं येतं. ते संरक्षण अर्थात आपण घेतलेलं नसतं. प्रीमियम वाढतो ना. पाण्यातून निघालेल्या मोटारीची बॅटरी सोडवायची आणि गाडी उचलून न्यायला लावायची. मगरीला दिला तेवढा मान तिलाही द्यावा.

अखेर नवी बॅटरी घ्यायचा दिवस उजाडतो आणि तीन पिढ्यांची काटकसर एका काउंटरवर जमते. एक्साइड की अमरॉन, हा वाद इथे सासर-माहेरच्या ईर्ष्येनं चालतो. त्याहून महत्त्वाच्या गोष्टींकडे कुणी बघत नाही. बॅटरीवर ‘३८बी२०एल’ अशी काहीतरी भानामती लिहिलेली असते. त्यातला पहिला आकडा ताकदीचा, ‘बी’ रुंदी-उंचीचा, वीस म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते सांगतं. ही बाजू चुकली तर गाडीच्या वायरी पोहोचत नाहीत, किंवा पोहोचतात तिथे उलट्या लावल्या तर दुसऱ्या दिवशी अल्टरनेटरही घ्यावा लागतो. "त्यापेक्षा मोठी द्या ना, पासष्टची. एकदाच घेऊ." क्षमता थोडी जास्त चालते, पण ट्रेमध्ये न बसणारी, क्लॅम्पखाली न मावणारी बॅटरी खड्ड्यात उडते आणि उंच असेल तर टर्मिनल बॉनेटला टेकवून आतल्या आत वेल्डिंग सुरू करते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला त्याच कामाची, ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. साधी घालून वाचवलेले पैसे वर्षभरात परत द्यावे लागतात. दुकानदार ‘सीसीए’चा आकडाही दाखवतो. तो उणे अठरा अंशांना मोजलेला असतो. बडोद्यात हे तापमान फक्त आइस्क्रीमच्या फ्रीजरला माहीत आहे, तरी एका झटक्यात बॅटरी किती जोर देईल त्याचा अंदाज त्यातून येतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितल्यापेक्षा कमी घेऊ नये.

काउंटरवरचा खरा सामना मात्र जुन्या बॅटरीवरून रंगतो. "जूनी बॅटरीना केटला आपशो?" त्या शिशाच्या प्रत्येक किलोसाठी अर्धा तास घासाघीस होते, आणि शे-दीडशे रुपये सुटले की त्या आनंदात नव्या बॅटरीवरची बनवण्याची तारीख बघायची राहते. सर्वात जास्त सूट देणारी बॅटरी बहुधा सर्वात जास्त दिवस फडताळात पडलेली असते, आणि पडून राहिल्यानं बॅटरीचं काय होतं ते वर आलंच आहे. तीनेक महिन्यांच्या आतली मागावी. ‘चोवीस अधिक चोवीस’ वॉरंटीचा अर्थ चार वर्षांनी फुकट बॅटरी असा लावणारे पुष्कळ. पहिल्या चोवीस महिन्यांत बदलून मिळते, पुढच्या चोवीसात नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर उतरत्या क्रमानं सूट मिळते, आणि छापील किमतीला बडोद्यात तशीही कुणी बॅटरी घेत नाही. सौदा पटला नाही तर जुनी बॅटरी घरी येते, माळ्यावर जाते, ‘इन्व्हर्टरला लागेल’ म्हणून. ती लागत नाही. इन्व्हर्टरला सावकाश, खोलवर उतरणारी बॅटरी लागते, मोटारीची एका दणक्यासाठी बनवलेली असते. आणि २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती रीतसर परत द्यायची असते, माळ्यावरच्या गणपतीच्या मखराशेजारी ठेवायची नसते.

नवी बॅटरी झाकणांची असेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. "आरओचं चालेल ना?" नाही. "एसीतून ठिबकतं ते? ते तर वाफेचंच असतं." वाफेचं असतं, पण खाली येताना एसीतली धूळ आणि धातूही घेऊन येतं. डिस्टिल्ड वॉटरची बाटली एका चहा-खारीच्या किमतीची, तरी या मुद्द्यावर माणसं वर्षानुवर्षं ठाम राहतात. ज्यांची बॅटरी मेंटेनन्स-फ्री ते एका छोट्या हिरव्या डोळ्यावर विसंबून असतात. तो डोळा बॅटरीच्या सहा घरांपैकी एकाच घरात डोकावतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय ते त्याला माहीत नसतं, विचारलंत तर हिरवंच सांगतो.

शेवटचा आक्षेप घरातल्या तरुण पिढीचा: "कशाला एवढी कटकट? इलेक्ट्रिक गाडी घ्या." बडोद्यापासून तासाभरावर हालोलला एमजीच्या इलेक्ट्रिक मोटारी तयारच होतात, तेव्हा प्रस्तावाला स्थानिक अस्मितेचाही आधार आहे. पण बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या पोटातल्या त्या अवाढव्य बॅटरीशिवाय आणखी एक लहानशी बारा व्होल्टची असते, कुलूप, दिवे, कॉम्प्युटर जागे करायला. ती बसली की कित्येक किलोवॉट-अवर पोटात असलेली मोटार दारही उघडत नाही. तिलाही कव्हर घालून जपलं की तीही बसते, तिलाही बाहेरून जम्पर द्यावा लागतो. फरक एकच: इलेक्ट्रिक गाडीनं दुसऱ्याच्या मोटारीला जम्पर देऊ नये, असं बहुतेक कंपन्या पुस्तकात बजावून लिहितात. आमच्या सोसायट्यांत इलेक्ट्रिक मोटारींचा खप वाढेल तो याच ओळीमुळे. सकाळी आठ वाजता दारावर टकटक होईल, केबल हातात घेऊन शेजारी उभे असतील, आणि आपण अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणू शकू, "अहो, दिला असता हो, पण कंपनीनं मनाई केली आहे."